न झडणारं कुत्रं

कुत्र्यांशी माझं कधी पटलं नाही. लहानपणी ओसरीवर बसून भाकर खात होते, तेव्हा गल्लीतल्या एका कुत्र्यानं ती हातातून ओढून नेली आणि वर माझ्यावरच गुरगुरलं. चोराच्या उलट्या बोंबा! तेव्हापासून ती जातच माझ्या मनातून उतरली. तरी एका वर्षी संक्रांतीपासून होळी उलटून जाईपर्यंत मी बालाघाटभर कुत्री बघत फिरले. अनोळखी दारात उभी राहायचे, त्यांचं कुत्रं मांडीवर घ्यायचे, पाठीवरून उलटा-सुलटा हात फिरवायचे आणि मग उठून लुगडं उजेडात धरायचे. किती केस पडले ते बघायला. लोक हसत, हसोत बापडे. मला बघायला पाहुणे आले होते तेव्हा त्यांनीसुद्धा एवढी चौकशी केली नव्हती.

त्यांना घाईच होती म्हणा. मुलाची पहिली बायको तिसऱ्या बाळंतपणात गेलेली, मूलही वाचलं नाही, आणि मागे दोन लहान पोरं. मला तरी कुठे स्थळं चालून येत होती? रंग सावळा, पत्रिकेत मंगळ आणि तोंड फटकळ. यातलं एखादं असतं तर खपून गेलं असतं. वय सव्वीस झालं होतं. बालाघाटचं बिजवर स्थळ आलं, जंगलखात्यात कारकून, तेव्हा माझ्या आईनं सुस्कारा सोडला.

"बरं हाय वो," ती म्हणाली. "पोरं आयतेच भेटून राह्यले तुले. बालंतपनाचा तरास नाही."

"मंग तू बालंतपन कोनाचं करशीन?" मी विचारलं.

मला तेव्हाच कळलं होतं की मला माझं स्वतःचं मूल हवं आहे. ही गोष्ट मी त्यानंतर कोणाजवळ बोलले नाही. दुसरेपणावर दिलेल्या बाईनं असलं काही बोलू नये, अशी रीतच होती.

आमचं गाव भंडाऱ्याकडचं. गोंदियाला छोट्या गाडीत बसलं की दुपारपर्यंत बालाघाट. अंतर असं काही नव्हतं, पण दोन्ही गावं आता वेगवेगळ्या राज्यांत गेली होती. बालाघाटात आपली माणसं पुष्कळ होती, नातीगोती इकडचीच, लग्नंही इकडेच होत. मुलं मात्र हिंदी शाळेत जायला लागली होती. माझ्या वाट्याला आलेली दोन्ही तशीच. मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी पाचाची. दोघं आपसात हिंदी बोलत, बापाशी हिंदी बोलत. मराठी त्यांना समजे, पण जिभेवर येत नसे. मला आई म्हणायचं की मावशी म्हणायचं हे कोणी ठरवूनच दिलं नव्हतं, म्हणून त्यांनी आपली एक तोड काढली. "सुनिए." सुनिए, खाना दीजिए. सुनिए, मेरी पट्टी कहाँ है? एवढी अदब, जशी मी पोस्टाच्या खिडकीपलीकडे बसलेली बाई.

नवरा वाईट नव्हता. कधी हात उगारला नाही, कधी पानात काय वाढलंय म्हणून नाक मुरडलं नाही. बोलायचा नाही एवढंच. महिन्यातले निम्मे दिवस तो दौऱ्यावर असे, कधी परसवाड्याला, कधी बिरसाकडच्या जंगलात, कधी लामत्याला लाकडाच्या डेपोत. घरी असला की ओट्यावर बसून विडी ओढायचा. मी दिवसभर घरात मराठी बोलायला माणूस शोधायचे आणि शेवटी भांड्यांशी बोलायचे. पातेल्याला शिव्या घालायला माझी हिंदी पुरेशी नव्हती.

लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात मुलीला दम्याचा झटका आला. धान निघायचे दिवस, गावात गिरण्या सुरू, हवेत सगळा कोंडा. पोरीची छाती भात्यासारखी वरखाली होत होती. आम्ही तिला डॉक्टरांकडे नेलं. उत्तरेकडचे होते ते, भरभर बोलायचे, आणि बोलताना समोर बघायचे नाहीत. नवरा आत जाऊन बराच वेळ बोलत बसला. मी पोरीला घेऊन बाहेर बाकावर. सुई टोचायला आम्हाला आत बोलावलं, तेव्हा निघता निघता डॉक्टर माझ्याकडे वळले. घरची बाई मी, म्हणून मला नीट सांगायला हवं असं त्यांना वाटलं असेल. ते म्हणाले, घरात बाळ नको. बाळ असलं तर या मुलीचा त्रास वाढेल. हिंदीत म्हणाले, पण दोनदा म्हणाले, आणि बोट वर करून म्हणाले. मी नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं खाली मान घातली आणि होकारार्थी हलवली.

रिक्षात मी पोरीला मांडीवर घेऊन बसले होते. तिचं अंग गरम होतं. मी सगळा हिशेब मनात मांडला. घरात नवं मूल आलं की आधीचं मनाला लावून घेतं, आणि मनाला लावून घेतलं की दमा उठतो. बरोबरच आहे डॉक्टरांचं. आणि एवढा वेळ आत काय बोलणं चाललं होतं तेही मला आपोआप कळलं. यालाच नको आहे. पहिली तशी गेली, याला आता दुसऱ्यांदा ते नको आहे, आणि स्वतःच्या तोंडानं सांगवत नाही म्हणून डॉक्टराच्या तोंडून सांगवलं. मला राग आला. सांगायचं होतं तर सरळ सांगायचं, परक्या माणसापुढं कशाला?

त्या दिवसापासून मी माझं अंथरूण मुलीच्या खोलीत नेलं. तिच्या छातीवर लक्ष ठेवायला, असं म्हणाले. त्यानं एकदा विचारलं, "तिकडंच निजतं काय आता?" मी म्हटलं, "हौ." त्यानं पुन्हा विचारलं नाही. मी ते माझ्या समजुतीत बसवून टाकलं: बघ, सुटल्यासारखं वाटलं त्याला.

अशी अडीच वर्षं गेली. वाचणाऱ्याला वाटेल, एवढ्या दिवसांत एक शब्द निघाला नाही तोंडातून? नाही निघाला. फटकळ माणसं सगळं बोलतात असा लोकांचा समज असतो. भाजीवालीशी भांडायला तोंड लागतं, ते माझ्याकडे होतं. हे बोलायला जे लागतं ते नव्हतं. शेजारच्या घरात पाळणा हलला की मी आमच्या मागच्या अंगणात जाऊन कपडे पुन्हा धुवायचे. कोणाच्या बारशाला गेले तर घुगऱ्या घेऊन लगेच परत. लोक म्हणत, सावत्र आई आहे, हिला पोरांचा लळा नाही. मी कोणाला काय सांगणार? त्या घरात चार माणसं राहत होती आणि चौघंही एकेकटी.

त्यातल्या त्यात मुलगी. दम्यामुळे तिला धुळीत खेळू देत नसत. गल्लीतली पोरं लंगडी खेळायची, ही खिडकीच्या गजांना धरून बघत बसायची. तिथं एक गावठी कुत्रं येऊन बसे. ही गजांतून हात काढून त्याच्याशी बोले. तास तास बोले. माझ्याशी दिवसभरात 'सुनिए'च्या पुढे चार वाक्यं न बोलणारी पोर त्या कुत्र्याला शाळेतलं सगळं सांगायची, कोणी चिमटा काढला, कोणाच्या डब्यात काय होतं. मी स्वयंपाकघरातून ऐकायचे. शाळेतली तिची एकूण एक गोष्ट मला त्या कुत्र्यामुळे कळली.

एक दिवस ते कुत्रं यायचं बंद झालं. मेलं असेल, नाहीतर नगरपालिकेनं नेलं असेल. पोर जेवेना. मग मुलगा, तेव्हा बारा वर्षांचा, स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"सुनिए. आप बाबूजी से कहिए न, हम एक कुत्ता पाल लें."

त्या घरात कोणाला माझी गरज पडल्याचा तो पहिला प्रसंग. मी पोळी तव्यावर तशीच ठेवून बाहेर गेले. नवरा ओट्यावर.

"पोरं कुत्रं मांगून राह्यले," मी म्हटलं.

"दमा हाय तिले. कुत्र्याच्या केसानं उठते दमा."

"केस न झडनारं पाहू."

तो हसला. तो हसला की मला नेहमी आश्चर्य वाटायचं. "मानूस असो का कुत्रं, केस झडतेच. तुले भेटलं असं कुत्रं तर आन."

एवढं म्हणून तो दुसऱ्या दिवशी परसवाड्याला निघून गेला. त्याला वाटलं विषय संपला. मी मात्र शब्द पकडला.

मुलाचं मत होतं की आखूड केसांचं कुत्रं घ्यावं. केसच कमी, तर झडतील काय? मलाही ते पटलं. गिरणीमागे एका कुत्रीला पिल्लं झाली होती, गुळगुळीत, लालसर. मी माझं काळं लुगडं नेसून गेले आणि कुत्रीलाच भाकर टाकून जवळ बोलावलं. पिल्लावरून काय कळणार, मायवरून कळतं, हे आमच्याकडे लग्नाच्या बोलण्यातही म्हणतात. दहा मिनिटं तिला कुरवाळलं. घरी येऊन बघते तर लुगड्यात जागोजाग केस, आखूड, ताठ, सुईसारखे उभे घुसलेले. झटकून निघेनात, धुऊन निघेनात. लांब केस निदान हातानं उचलता येतो. आखूड केसाचं कुत्रं झडत नाही, ही समजूत त्या लुगड्यानं आमच्या घरापुरती तरी मोडून काढली.

मग रेल्वेच्या क्वार्टरमधलं एक पांढरं झुपकेदार कुत्रं पाहिलं. मालकीण म्हणाली, एक केस पडत नाही याचा. खरंच पडला नाही. मुलगी तर त्याच्यावरून नजर काढेना. पण तिथली झाडूवाली माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "फागुन में आना, बाई." थंडीत कुत्रं केस धरून ठेवतं आणि ऊन तापायला लागलं की सोडतं, हे तेव्हा कळलं. होळीच्या सुमाराला पुन्हा गेले तर त्या घरात पिंजारी बसून गेल्यासारखं झालं होतं. पिल्लांच्या अंगचे केसही खरे नसतात म्हणे, वर्षाच्या आत सगळे बदलतात. म्हणजे पिल्लू बघून भुलायचं नाही आणि हिवाळा बघून तर मुळीच नाही. मी शहाणी होत चालले होते. मुलं माझ्या मागे मागे यायची, आणि परतताना मुलगी हिंदीत बडबडायची. माझ्याशी नव्हे, भावाशीच, पण मी मध्ये चालत असायचे.

शेवटी मँगनीजच्या खाणीवरच्या एका साहेबाच्या घरी पोचलो. त्यांची बदली झाली होती, सामान बांधून ठेवलं होतं, आणि वर्षा-दीड वर्षाची एक कुत्री कोणाला तरी द्यायची होती. करड्या रंगाची, कोकरासारखी कुरळी. मी ती मांडीवर घेतली. उलटा हात, सुलटा हात. लुगडं उजेडात धरलं. काही नाही. मुलगा लुगड्याच्या निऱ्यासुद्धा उलगडून बघायला लागला तेव्हा मी त्याच्या हातावर चापट मारली. घरच्या बाई म्हणाल्या, हिचे केस गळत नाहीत, वाढत जातात. कापावे लागतात, नाहीतर गुंता होतो. मी म्हटलं, दोन दिवस द्या, मी दाखवून विचारून सांगते.

नवरा तेव्हा बिरसाकडे. त्यानं नाही म्हणू नये म्हणून मी त्या कुत्रीला घेऊन जनावरांच्या दवाखान्यात गेले. मुलांना व्हरांड्यात बसवलं. तिथले डॉक्टर वयस्क होते, सावकाश बोलत. त्यांनी कुत्रीचे कान पाहिले, दात पाहिले, आणि कशाला घेता म्हणून विचारलं. मी माझ्या मोडक्या हिंदीत सांगितलं, मुलीला दमा आहे.

"दमा है? तब तो घर में बाल नहीं होना चाहिए," ते म्हणाले. "बाल होगा तो बच्ची की तकलीफ़ बढ़ेगी."

आणि त्यांनी कुत्रीच्या पाठीवरून दाबून हात फिरवला, आणि तळवा माझ्यापुढे धरला. रिकामा.

"देखिए. बाल नहीं है."

बाल म्हणजे केस हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. अडीच वर्षांत रोज सकाळी मुलगी माझ्यापुढे पाठ करून बसायची, "सुनिए, बाल बना दीजिए." मी वेणी घालून द्यायचे. पण त्या पहिल्या डॉक्टरांचं वाक्य मी हिंदीतून कधी ऐकलंच नव्हतं. आले त्याच वर्षी ऐकलं, मराठीतून ऐकलं आणि तसंच आत ठेवून दिलं. आमच्या बाजूला 'ळ' कोणाच्या जिभेवर ठरत नाही, कोणी र म्हणतो, कोणी ल. बाल म्हटलं तरी आमच्या कानाला ते बाळच. शब्दाला शब्द तेच वाक्य होतं. होगा, बढ़ेगी, बच्ची, सगळं तेच.

मी तिथल्या स्टुलावर बसले. डॉक्टर पुढे सांगत होते. नुसता केस नाही, कातडीचा कोंडाही असतो, थुंकी असते, कोणतंही कुत्रं शंभर टक्के खात्रीचं नसतं. पोरीला आधी तासभर हिच्याबरोबर बसवा, छाती भरते का बघा, मगच ठरवा. मी मान हलवत होते. मला रडू येत नव्हतं. मला पहिल्यांदा हसूच आलं, आणि ते हसू थांबवता येईना, तेव्हा डॉक्टरांनी मला पाणी दिलं.

व्हरांड्यात मुलगी कुत्रीच्या गळ्यात हात टाकून बसली होती आणि तिला शाळेतलं सांगत होती. मी तासभर तिच्या छातीकडे बघत बसले. छाती शांत होती. कुत्री घरी आली.

नवरा चार दिवसांनी परतला. त्यानं अंगणात कुत्री पाहिली, मुलांचा दंगा पाहिला आणि हातपाय धुवायला गेला. मी त्याला जेवायला वाढलं. मुलं बाहेर होती. मी सगळं सांगितलं, जसं घडलं तसं, बाकावरून आत गेल्यापासून. सांगताना माझा आवाज चढत गेला, कारण मला राग येत होता आणि तो कोणावर काढावा ते कळत नव्हतं.

त्यानं घास खाली ठेवला.

"मले वाटलं तुले भेव वाटते," तो म्हणाला. "पहिलीचं कसं झालं, ते आयकून आली तू. मी म्हनलं, भेली असंल. अंथरून नेलं तवा मी म्हनलं, नको तं नको. जबरदस्ती कायले."

"मंग इचारलं काहून नाही?"

"तू काहून नाही इचारलं?"

त्यानं पुन्हा भात कालवायला घेतला, पण खाल्ला नाही. मी त्याला इतक्या वर्षांत पहिल्यांदा नीट पाहिलं. कानाजवळचे केस पांढरे झाले होते. ते कधी झाले मला माहीत नव्हतं.

कुत्रीचं पुढे बरं चाललं. केस खरंच झडत नसत, पण वाढता वाढता तिचे डोळे दिसेनासे झाले. गल्लीतल्या न्हाव्याला विचारलं तर तो भडकला, "कुत्ते के बाल काटूँगा तो कल मेरी कुर्सी पर आदमी कौन बैठेगा?" शेवटी कापड कापायची कात्री घेऊन मीच बसले. मुलानं पाय धरले, मुलीनं तोंड. पहिल्या वेळी इतकं वेडंवाकडं कापलं गेलं की सगळंच काढून टाकावं लागलं. शेजारीण कुंपणावरून वाकून म्हणाली, "कोन गेलं वो घरचं? कुत्रं का बोडकं केलं?" त्या दिवशी आमच्या घरात चौघं एकाच वेळी हसलो. असा दिवस आधी आलेला मला आठवत नाही. हाक मात्र 'सुनिए'च राहिली. मीही बदला म्हटलं नाही. मागून घेतलेल्या हाकेत काय अर्थ?

पुढच्या वर्षी मला दिवस राहिले. मी कोणाला सांगायच्या आधी पोटाला सांगत होते, मराठीतून, दिवसभर. भांडी सुटली माझ्या तडाख्यातून. नवऱ्यानं दौरे कमी करून घेतले. आईला निरोप गेला, ती यायची तयारी करत होती. पाचवा लागता लागता ते गेलं.

का गेलं ते कोणी सांगितलं नाही, आणि सांगून काय होणार होतं? वय झालं होतं, असं एक जण म्हणाली. त्या अडीच वर्षांत आलं असतं तर राहिलं असतं का, हा प्रश्न मी दवाखान्यातल्या खाटेवर पडल्या पडल्या स्वतःला विचारला, आणि आजही कधी कधी विचारते. पुढे मला मूल झालं नाही. लोक म्हणतात दुःख कमी होतं. माझं झालं नाही. त्याची मला सवय झाली.

दवाखान्यात दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा औषध आणायला गेला होता. मुलं डबा घेऊन आली होती. मुलगा दारातच घुटमळत राहिला, बायकांचा वॉर्ड म्हणून लाजला असेल. मुलगी आत आली आणि खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली. ती तेव्हा नऊ वर्षांची होती. नर्स एकेका खाटेजवळ थांबून विचारत येत होती, तशी माझ्याजवळ आली.

"इसके पहले कितने बच्चे हैं?"

माझ्या तोंडात 'एकही नाही' आलं होतं. ते हिंदीत कसं म्हणायचं ते मला चांगलं येत होतं. पण आवाज निघेना. नर्सनं पुन्हा विचारलं, जरा मोठ्यानं, मला ऐकू येत नाही असं समजून.

"दो हैं," पायथ्याकडून मुलगी म्हणाली.

नर्सनं तिच्याकडे पाहिलं. "तुमसे कौन पूछ रहा है? तुम कौन हो?"

"छोटी वाली," ती म्हणाली, आणि डब्याचं झाकण काढायला लागली.